भीक नव्हे, हप्त्याला मुदत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी आठवी-नववीला भूगोल शिकवते. हवामान बदलाचा धडा चालू असताना एका मुलाने विचारलं, मॅडम हे छोटे छोटे देश दरवर्षी परिषदेत जाऊन श्रीमंत देशांकडे पैसे मागतात, म्हणजे भीकच मागतात ना? मला पटकन नीट उत्तर देता आलं नाही. — एक शिक्षिका, सांगली

मॅडम, त्या मुलाला आधी एक व्हिडिओ दाखवा. २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगोला कॉप, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची दरवर्षीची हवामान परिषद, भरली होती, तिथे तुवालू नावाच्या पॅसिफिकमधल्या देशाने आपल्या परराष्ट्रमंत्र्यांचं भाषण रेकॉर्ड करून पाठवलं होतं. सायमन कोफे त्यांचं नाव. कोट घातलाय, टाय लावलाय, समोर माइक, मागे झेंडे, सगळं कसं सरकारी थाटाचं, आणि मग पूर्ण दृश्य दिसतं तेव्हा कळतं की हा माणूस गुडघाभर समुद्रात उभा राहून बोलतोय, पॅंट वर दुमडून. समुद्र रोज वाढतोय, आम्हाला भाषणांची वाट बघत बसता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी तो व्हिडिओ कितीदा बघितला असेल, ती दुमडलेली पॅंट काही डोळ्यासमोरून जात नाही. अख्ख्या देशाची लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं गाव, आणि सगळ्यात उंच जागा समुद्रापासून पाच मीटरसुद्धा वर नाही.

आता भिकेचं. हवेत कार्बन डायऑक्साइड एकदा गेला की त्यातला बराचसा शेकडो वर्षं तिथेच राहतो, त्यामुळे आजचा उकाडा हा आजोबा-पणजोबांच्या काळापासून साठत आलेल्या धुराचा आहे. औद्योगिक क्रांतीपासून आजपर्यंत जगाने जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडला त्यातला जवळपास पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे आणि तुवालूचा वाटा मोजायला गेलं तर सापडणारसुद्धा नाही. शेजाऱ्याने बांध फोडला आणि पाणी आपल्या शेतात शिरलं तर आपण त्याच्याकडे जे मागतो त्याला भीक म्हणतात का, असं त्या मुलालाच विचारा, शेतकऱ्याच्या घरातला असेल तर लगेच सांगेल.

आणि मागणं फक्त पैशाचं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कॅरिबियनमधल्या बार्बाडोस या बेटाच्या पंतप्रधान मिया मॉटली गेली काही वर्षं कर्जाच्या नियमांवर बोट ठेवतायत. २०१७ ला मारिया वादळ आलं तेव्हा डॉमिनिका या छोट्याशा बेटाचं नुकसान त्या देशाच्या दोन वर्षांच्या एकूण उत्पन्नापेक्षा जास्त झालं. एका रात्रीत! घरांवरचे पत्रे उडाले, पिकं गेली, रस्ते गेले आणि आता हे सगळं पुन्हा उभं करायला परत कर्जच काढायचं. मॉटलींचं म्हणणं असं की वादळ आलं की काही काळ हप्ते आपोआप थांबले पाहिजेत, हे करारातच लिहा, आम्हाला दरवेळी हात जोडायला लावू नका. बार्बाडोसने स्वतःच्या कर्जरोख्यांमध्ये हे कलम घालून घेतलं. ग्रेनाडा या तिथल्याच छोट्या देशाकडेही होतं, आणि २०२४ च्या जुलैत बेरिल वादळाने त्यांचं कॅरियाकू बेट उद्ध्वस्त केलं तेव्हा त्यांनी ते वापरलं, हप्ते पुढे गेले आणि हातातला पैसा हातात राहिला. आपल्याकडे दुष्काळात पीककर्जाचं पुनर्गठन होतं ना, तसंच समजा, फक्त अख्ख्या देशाचं.

बाकी श्रीमंत देशांच्या शब्दाचं काय झालं तेही मुलांना सांगा. २००९ ला कोपनहेगनच्या परिषदेत ठरलं की गरीब देशांसाठी २०२० पर्यंत दरवर्षी १० हजार कोटी डॉलर उभे करू. तो आकडा गाठला २०२२ ला, आणि सरकारी पैशातला बराचसा भाग कर्ज म्हणूनच दिलेला. २०२४ ला बाकूच्या परिषदेत गरीब देश वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर मागत होते, श्रीमंत देशांनी कबूल केलं २०३५ पर्यंत वर्षाला ३० हजार कोटींचं. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तिथल्या तिथे उठून हा करार म्हणजे दृष्टिभ्रम आहे असं सुनावलं, आणि मला ते शंभर टक्के पटलं.

प्रश्न : आमच्या घरात दोन पिढ्या कोळसा खाणीत. पेपरात वाचतो की जगातले नेते कोळसा बंद करा म्हणतात. चंद्रपूरचा उन्हाळा आम्हीच भोगतो, ते काही वेगळं सांगायला नको, पण खाण बंद झाली तर आम्ही खायचं काय? — एक वाचक, चंद्रपूर

दादा, तुमचा प्रश्न हा या सगळ्याच्या मुळाशी आहे आणि मोठ्या परिषदांमध्ये तो नेहमी शेवटी येतो याचं मला वाईट वाटतं. हवामानाच्या पॅरिस करारात कामगारांच्या न्याय्य स्थित्यंतराचा, म्हणजे कोळसा सोडताना कामगारांना वाऱ्यावर न सोडण्याचा, उल्लेख आहे, बेलेमच्या परिषदेत २०२५ मध्ये त्यासाठी वेगळी यंत्रणा उभी करायचंही ठरलं, पण कागदावरून जमिनीवर येताना काय होतं ते दक्षिण आफ्रिकेत बघा.

तिथेही आपल्यासारखीच वीज मुख्यतः कोळशावर. २०२१ ला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि युरोपियन युनियन यांनी मिळून त्यांना ८५० कोटी डॉलरचा शब्द दिला, कोळसा कमी करा आम्ही मदत करतो म्हणून. २०२२ च्या ऑक्टोबरात कोमाटी नावाचं जुनं वीज केंद्र बंद झालं. तिथे सोलर येणार होतं, लोकांना ट्रेनिंग मिळणार होतं, पण केंद्र बंद झालं आधी आणि बाकीचं रेंगाळलं. कायमस्वरूपी कामगारांची बदली तरी झाली, कंत्राटी लोकांचं काम गेलं आणि त्यांच्या जिवावर चालणारी गावातली दुकानंही अडचणीत आली. पुढे २०२५ ला अमेरिका त्या करारातूनच बाहेर पडली. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आधी दुसरं काम उभं राहू दे, त्यात कंत्राटी माणसाचं नावही यादीत असू दे, आणि मगच कुलूप लावा.

पण एक गोष्ट तुम्हाला मोकळेपणाने सांगते. भारतातला माणूस वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइडला कारणीभूत होतो आणि अमेरिकेतला जवळपास चौदा टन, हे आपलं सरकार सांगतं ते खरंच आहे. तरी एकाने गाय मारली म्हणून दुसऱ्याने वासरू मारू नये. २०२१ च्या ग्लासगो परिषदेत शेवटच्या क्षणी भारताच्या आग्रहाने कोळसा "बंद करू" ऐवजी "कमी करू" असं लिहिलं गेलं तेव्हा सगळ्यात जास्त दुखावले ते बेटांवरचे देश, श्रीमंत नव्हे. आपल्याकडे वीजनिर्मितीची निम्मी क्षमता आता कोळसा-गॅस सोडून आहे हे कौतुकाचं, पण प्रत्यक्ष तयार होणारी वीज अजून बहुतेक कोळशाचीच. तेव्हा खाण कधी ना कधी थांबणार हे धरूनच युनियनमध्ये आत्तापासून बोला. पोरांना कसलं ट्रेनिंग, कुठे, कुणाच्या खर्चाने, हे लेखी मागा.

प्रश्न : मी लॉ करतेय, दुसऱ्या वर्षाला आहे. नेते आमच्यासारख्यांचं ऐकतात का कधी? — एक विद्यार्थिनी, पुणे

ऐकायला लावता येतं. २०१९ ला व्हानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशात लॉ शिकणाऱ्या २७ मुलामुलींनी वर्गातल्या चर्चेतून एक कल्पना काढली, की हवामानाबद्दल देशांची कायदेशीर जबाबदारी काय हे थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारू. वेगवेगळ्या सरकारांना पत्रं लिहीत राहिली, व्हानुआतूच्या सरकारने ती कल्पना उचलली, २०२३ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव एकमताने पास झाला. २०२४ च्या डिसेंबरात हेगला, त्या न्यायालयात, सुनावणी झाली. भारताने तिथे म्हटलं की आहेत त्या करारांपलीकडे नवीन बंधनं घालू नका. आणि २३ जुलै २०२५ ला सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने मत दिलं की हवामानाचं नुकसान होऊ न देणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती मोडली तर नुकसानभरपाईसुद्धा द्यावी लागू शकते.

हे सल्ल्याच्या स्वरूपाचं मत आहे, बंधनकारक निकाल नव्हे, हे तुला माहीतच असेल. पण देशोदेशीचे वकील आता आपापल्या कोर्टात त्याचा आधार घेऊ शकतात. पूर्ण मजकूर न्यायालयाच्या वेबसाइटवर फुकट मिळतो, परीक्षा झाली की सवडीने वाच, आणि भरपाईचा भाग वाचताना त्या २७ जणांचं वय तुझ्याएवढंच होतं हे लक्षात ठेव.