गेश्टाल्टला ‘समष्टी’ का म्हणू नये

सुटे भाग नव्हे, तर एकसंध म्हणून जाणवणारं रूप, यासाठी मानसशास्त्रात ‘Gestalt’ हा जर्मन शब्द वापरतात. त्याबद्दल प्रश्न दोन आहेत: गेस्टाल्ट म्हणावं की गेश्टाल्ट, आणि मराठीत त्याला ‘समष्टी’ चालेल का?

उच्चार गेश्टाल्ट. जर्मनमध्ये धातूच्या आरंभी ‘स्ट’ आला की ‘श्ट’ होतो, आणि इथला ‘गे’ निव्वळ उपसर्ग आहे. (‘गेस्टर्न’ म्हणजे काल, त्यात उपसर्ग नाही, म्हणून ‘स्ट’ शाबूत.) आकार, रूप वगैरे अर्थ कोणत्याही कोशात सापडतील. गंमत आहे ती उपसर्ग सोलल्यावर. आत ‘श्टेलेन’ निघतो, म्हणजे ठेवणे, मांडणे. गेश्टाल्ट हे त्याचं जुनं धातुसाधित: ‘मांडलेलं’. पोकोर्नींच्या इंडो-युरोपीय व्युत्पत्तिकोशात ज्या मुळाखाली हा धातू आहे, त्याच मुळाखाली आपलं ‘स्थल’ही आहे! मराठीने तर त्यावर कडी केली. लग्नाचं ‘स्थळ’ घ्या. शिक्षण, नोकरी, घरदार, पत्रिका सगळं सुटंसुटं तपासतात, पण ‘स्थळ चांगलं आहे’ हा कौल एकदमच पडतो. ही ओढाताण आहे म्हणणारे म्हणोत. मला ती आवडते.

आता समष्टी. पाठ्यपुस्तकांनी गेश्टाल्ट विचाराला ‘समष्टिवाद’ लिहून घोळ घातलाय. ‘वेदान्तसार’ या वेदान्ताच्या ग्रंथात समष्टीचा दाखला काय, तर अनेक झाडं मिळून वन. म्हणजे समुदाय. गेश्टाल्टवाल्यांना नेमका तोच नको होता. या विचाराचा पाया घालणारे तत्त्वज्ञ एरेनफेल्स यांनी १८९० साली चालीचं उदाहरण दिलं. पेटीच्या काळी एक पट्टीतलं गाणं पांढरी पाचमध्ये म्हणा, सगळे सूर बदलतात, चाल तीच राहते. उलट तेच सूर क्रम मोडून वाजवा, बेरीज तेवढीच, पण चाल गायब. ‘अखंड हे भागांच्या बेरजेहून अधिक असतं’ हे व्याख्यानांतलं लाडकं वाक्य तर ऐकवत नाही. गेश्टाल्ट मानसशास्त्रज्ञ कोफ्का यांनी १९३५ मध्येच बजावलंय: अधिक नव्हे, वेगळं, बेरीज करणंच निरर्थक.

म्हणून ‘व्यूह’. वि + ऊह, म्हणजे विभागून केलेली रचना. हत्ती तेच, रथ तेच; मांडणी बदलली की चक्रव्यूहाचा गरुडव्यूह. ‘मांडलेलं’ला याहून जवळचा शब्द मला तरी दिसत नाही. त्याला लढाईचा वास येतो, अशी तक्रार काही जाणकार करतात. त्यांनी पतंजलींच्या योगसूत्रांतला विभूतिपाद हा तिसरा अध्याय उघडावा. ‘नाभिचक्रे कायव्यूहज्ञानम्’, नाभिचक्रावर संयम (म्हणजे धारणा, ध्यान, समाधी एकत्र) केला की शरीराच्या रचनेचं ज्ञान होतं. तिथे कुठलं सैन्य उभं आहे?