मॉरिशस वॉटर टॅक्सीने फिरायचं आहे, सोबत सत्तरीतली आई आहे. पॅकेज घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस मॉरिशसला जाताय, आई बरोबर आहेत, तर अख्खं बेट वॉटर टॅक्सीने बघून होईल का आणि त्यासाठी एजंटचं दिवसभराचं पॅकेज घेणं बरं का. मी नोकरीमुळे दोन वर्षं तिथे होतो, पाहुणे आले की किनाऱ्यावर न्यायचं काम माझ्याकडेच असायचं. सरळ सांगतो: बेटाला प्रदक्षिणा घालायच्या फंदात पडू नका आणि पॅकेजही घेऊ नका. पूर्व आणि आग्नेय किनाऱ्याला दोन दिवस द्या, छोटी बोट घ्या, सकाळी लवकर निघा.

बेट साधारण 65 किलोमीटर लांब आणि 45 रुंद आहे. भोवती प्रवाळाची भिंत आहे. महासागराची लाट त्या भिंतीवर फुटते आणि आत लगूनचं उथळ, शांत पाणी राहतं. वॉटर टॅक्सी चालतात त्या या लगूनमध्ये. पण नदी जिथे समुद्राला मिळते तिथे गोड्या पाण्यामुळे प्रवाळ नीट वाढत नाही, भिंतीत खिंड पडते आणि बाहेरची लाट आत शिरते. दक्षिणेला सुइयाकच्या बाजूला तर काही ठिकाणी भिंतच नाही, लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात. म्हणून तिथली बोट आपापल्या लगूनपुरती फिरते. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला गाडीनेच जायचं.

पहिला दिवस त्रू दो दूसला. नावाचा अर्थ गोड्या पाण्याचं भोक. समुद्राला लागून गोड्या पाण्याचा झरा आहे, त्यावरून गावाला हे नाव. इथून इल ओ सेर बेटावर वॉटर टॅक्सी जातात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका एजंटचं पॅकेज घेतलं होतं. जेट्टीवर तास-दीड तास ताटकळलो, बोटीत माणसं खच्चून भरलेली, धबधबा पाच मिनिटांत 'दाखवला' आणि उरलेला वेळ जेवणाच्या रांगेत गेला. पुढच्या वेळी आईला घेऊन गेलो तेव्हा थेट जेट्टीवर जाऊन नावाड्याशी बोललो. पैसे जाऊन-येऊन धरून आहेत का, नदीच्या मुखाशी धबधब्याला नेणार का आणि परतीची शेवटची बोट किती वाजता, हे तीन प्रश्न बोटीत पाय टाकण्याआधी विचारून घ्या.

त्या सकाळी वाळूचा उंचवटा आला तसं नावाड्याने इंजिन बंद करून वर उचललं आणि लांब काठीने बोट रेटायला लागला. एकदम शांत झालं. खाली पांढऱ्या वाळूवर आमच्याच बोटीची सावली सरकत होती, छताच्या दोऱ्यांसकट. आईचा जन्म खाडीकाठचा, तिने आयुष्यभर गढूळ पाणी पाहिलेलं. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून ती म्हणाली, "अरे, तळ दिसतोय की!" पुढची दहा मिनिटं तिने हात बाहेर काढला नाही. आपल्याकडे ओहोटीला पाणी किती लांब जातं. तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्धा मीटर, त्यामुळे वेळापत्रक बघत बसावं लागत नाही. दहाच्या आत बेटावर पोचलात तर किनारा जवळजवळ रिकामा मिळतो, अकरानंतर गर्दी होते.

आईंना बोटीत मागच्या बाजूला बसवा. पुढचं टोक जास्त आपटतं, कंबर धरते. काही ठिकाणी गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, म्हणून पायात घट्ट बसणारे रबरी तळाचे बूट हवेत. दगडासारखाच दिसणारा विषारी दगडमासा त्या पाण्यात असतो, अनवाणी चालू नका.

दुसरा दिवस मात्र मी सांगतो तिथेच घालवा: इल ओ एग्रेत. माएबूर गावाजवळ पॉइंट जेरोमहून बोट सुटते आणि काही मिनिटांत पोचते. जेमतेम 26 हेक्टरचं बेट आहे, 1965 पासून संरक्षित, सांभाळते ती मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन. मॉरिशसच्या किनाऱ्यावर पूर्वी होतं तसं आबनुसाचं, म्हणजे काळ्या लाकडाच्या झाडांचं, रान आता इथेच उरलंय, बाकीचं डच काळापासून तुटत गेलं. वाटाड्यासोबतच चालायचं. गुलाबी कबुतर इथे दिसतं. 1990 च्या सुमारास रानात ही जेमतेम 10 उरली होती. आमच्या डोक्यावरच्या फांदीवर एक येऊन बसलं, पायात रंगीत कडी, छाती फिकट गुलाबी, आणि ते निवांत पिसं साफ करत राहिलं. खाली अल्डाब्रा या सेशेल्समधल्या बेटांवरची महाकाय कासवं फिरतात. मॉरिशसची मूळ कासवं माणसांनी संपवली, म्हणून ही आणली. ती आबनुसाची फळं खातात आणि बी रानात पसरवतात.

2020 च्या जुलैमध्ये 'वाकाशिओ' हे जहाज इथल्याच प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये सुमारे 1000 टन तेल लगूनमध्ये सांडलं. आमच्या नावाड्याने ते दिवस सांगितले. गावकऱ्यांनी कापडाच्या लांब नळ्या शिवल्या, त्यात उसाचं पाचट भरलं आणि तेल अडवायला त्या पाण्यावर सोडल्या. पाचट म्हणजे काय हे आईला समजावून सांगावं लागलं नाही. तिने विचारलं, "किती दिवस करत होतात?" तो म्हणाला, हात काळे होते तोवर.

ब्लू बे जवळच आहे, काचेच्या तळाच्या बोटीतून तासाभरात प्रवाळ बघून होतात. ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी उत्तम. पश्चिमेला तामारँला पहाटे डॉल्फिन दाखवायला नेतात, तिथे मी जाऊ नका म्हणेन. डझनभर बोटी एका कळपामागे धावतात, ते बघवत नाही.

दिवाळीचा काळ चांगला निवडलात. जून ते ऑगस्ट आग्नेयेचा वारा पूर्व किनाऱ्यावर जोरात असतो, चक्रीवादळांची भीती जास्त ती जानेवारी ते मार्च. पण ऊन सांभाळा. बेट दक्षिण गोलार्धात 20 अंशांवर आहे, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो आणि पाण्यावरून परत अंगावर येतं ते वेगळंच. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपी आणि पाण्याची बाटली घ्या. बोटीचं काम बारापर्यंत आटपा.

एक दुपार पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटासाठी ठेवा. 1834 नंतर कंत्राटावर आलेले मजूर याच बंदरात उतरले, त्यात आपल्या कोकणातलेही होते. त्यांची वंशज मंडळी आजही गणपती बसवतात, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.

इल ओ एग्रेतचं बुकिंग तेवढं निघण्याआधीच करा, फेऱ्या ठरलेल्या आणि जागा मोजक्या असतात. आईंना चालायला किती जमतं ते बुकिंग करतानाच कळवा, वाट खडबडीत आहे आणि दीड-दोन तास पायीच फिरावं लागतं.