अंधुक, मंद की फुसका?

प्रश्न असा आहे: इंग्रजी लेखातल्या ‘फेंट सुपरनोव्हा’साठी भाषांतरात ‘अंधुक अतिनवतारा’ लिहिलं (अतिनवतारा म्हणजे ताऱ्याचा प्रचंड स्फोट), तपासणाऱ्याने ते खोडून ‘मंद’ केलं. बरोबर कोणतं?

लेख कशाबद्दल आहे त्यावर ते ठरेल, कारण मराठीत हे दोन निराळे शब्द आहेत. अंधुकपणा बराचसा पाहणाऱ्याच्या बाजूचा असतो. चष्मा काढला की एसटीची पाटी अंधुक दिसते, पाटीचा रंग काही उतरलेला नसतो. मंदपणा दिव्याचा स्वतःचा. समईची वात आत ओढली की ती अगदी जवळ बसून पाहिली तरी मंदच.

खगोलशास्त्रात हाच भेद दोन संज्ञांनी सांगतात. तारा इथून जसा दिसतो ती दृश्य प्रत, तोच 32.6 प्रकाशवर्षांवर असता तर जसा दिसला असता ती निरपेक्ष प्रत. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा फिका, आणि 5 प्रतींचा फरक म्हणजे तेजात 100 पट फरक. अब्जावधी प्रकाशवर्षांवरचा दणदणीत स्फोट आपल्याला अंधुक दिसेल, पण त्याला मंद म्हणता येणार नाही.

उलट उदाहरण ‘एसएन 2008 एचए’ या स्फोटाचं. नोव्हेंबर 2008 मध्ये तो न्यूयॉर्क राज्यातल्या एका 14 वर्षांच्या मुलीला सापडला (ही गोष्ट मला फार आवडते). अंतर सुमारे 7 कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे अतिनवताऱ्यांच्या हिशेबात शेजारच. तरी त्याची निरपेक्ष प्रत जेमतेम उणे 14 भरली. श्वेत बटू ताऱ्याचा (म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या घट्ट गाभ्याचा) नेहमीचा स्फोट उणे 19 च्या आसपास जातो. म्हणजे हा जवळपास 100 पट कमी तेजाचा, मुळातच मंद.

पण ‘मंद’मध्ये एक खड्डा आहे. मंद वारा, मंद चाल: हा शब्द वेगाचाही आहे. अतिनवतारा किती दिवसांत चढतो आणि ओसरतो हे मोजणं तर या अभ्यासाचा गाभा. 2008 एचए सुमारे 10 दिवसांतच कळसाला पोचला आणि झपाट्याने उतरला. नुसतं ‘मंद अतिनवतारा’ वाचून वाचक नेमकं उलटं समजेल. म्हणून ‘मंद तेजाचा’ असं पूर्ण लिहावं.

आता ‘फुसका’. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं अंगणातून न उडालेले सुतळी बॉम्ब वेचतात. वात जळालेली, बार अर्धवट पेटलेला, सुतळीचं वेटोळं जागच्या जागी. मंद तेजाच्या काही स्फोटांचं असंच झालं असावं, असं बरेच खगोलशास्त्रज्ञ मानतात: आग श्वेत बटूत पसरते, पण तो पुरता उडत नाही, थोडा शिल्लक राहतो. या गटाला ‘वन-ए-एक्स’ म्हणतात. ‘एसएन 2012 झेड’ त्यातलाच. ज्या दीर्घिकेत तो उडाला तिची हबल दुर्बिणीने 2005-06 मध्येच छायाचित्रं घेतलेली होती. ती पुन्हा काढून पाहिली, तर स्फोटाच्या जागी एक निळसर ठिपका सापडला. तो बहुधा श्वेत बटूला हेलियम पुरवणारा जोडीदार. स्फोट ओसरल्यावर पुन्हा पाहिलं, तर ठिपका तिथेच होता, आणि आधीपेक्षा उजळ! उरलेला बटूही त्या उजेडात भर घालत असेल.

तरीही ‘फुसका’ हा शब्द सरसकट वापरू नये. अंधुक आणि मंद हे निरीक्षण सांगतात, फुसका कारण सांगतो. 2008 एचएच्या बाबतीत तेच कारण वादात होतं. बाहेर फेकलेलं द्रव्य सेकंदाला फक्त 2,000 किलोमीटरच्या आसपास धावत होतं. त्यावरून काहींनी अर्धवट पेटलेला बटू म्हटलं, तर काहींनी गाभा कोसळलेला मोठा तारा. अशा वेळी ‘फुसका’ लिहिलं, तर भाषांतरकारानेच निकाल दिल्यासारखं होतं.