केळ्यावर कंडोम चढवून दाखवू नका

ताई, विशेष गरजा असलेल्या तुमच्या सोळा वर्षांच्या मुलाला एचआयव्हीबद्दल कसं शिकवायचं हे तुम्ही विचारलंत आणि शाळेने 'नको ते डोक्यात भरवू नका' म्हणून हात झटकले, हे वाचून राहवलं नाही. मी विशेष शिक्षिका आहे, डॉक्टर किंवा वकील नाही. औषधाचं आणि कायद्याचं जाणकाराकडून पक्कं करून घ्या.

अवयवांची खरी नावं, दार लावून कपडे बदलणं हे शिकवून झालंय असं धरते.

कंडोम शिकवताना सगळ्यात महागात पडतं ते केळं. 'हे त्या जागी समजा' ही उडी आपल्या बऱ्याच मुलांना जमत नाही. केळ्याला कंडोम लावला की आजार होत नाही, एवढंच ती शिकतात आणि विचारलं की अगदी बरोबर करूनही दाखवतात! लिंगाचं मॉडेलच वापरा. सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशन केंद्रात (आयसीटीसी) मागून बघा. पाकिटावरची तारीख बघणं, दात न लावता कडेने फाडणं, टोक चिमटीत धरणं, शेवटपर्यंत उलगडणं, नंतर कड धरून काढणं, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकणं. प्रत्येक पायरीचं एक चित्र करा आणि ती चित्रं त्याला क्रमाने लावू द्या. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे.

'समजलं का?' विचारू नका, उत्तर 'हो'च येणार. चित्रांचे दोन ढीग करायला सांगा, एचआयव्ही ज्यातून होत नाही आणि ज्यातून होऊ शकतो. एका ताटात जेवणं, मिठी, डास चावणं एकीकडे. वापरलेली सुई, कंडोमशिवाय संबंध दुसरीकडे. आठवड्याने पुन्हा करून घ्या, तेही दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसासमोर. नाहीतर ते ज्ञान त्या टेबलापुरतंच राहतं.

'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' यावर माझा विश्वास नाही. ओळखीच्या माणसाचा चुकीचा स्पर्शही मुलाला बरा वाटू शकतो, मग तो सांगेल कशाला? त्यापेक्षा चड्डीच्या आत कोण, कधी, कशासाठी हात लावू शकतं ते फोटो लावून ठरवा. बाकी कोणी लावला तर घरी सांगायचं, कितीही लाडका माणूस असला तरी.

आणि दिवसभर 'ऐक, ऐक' शिकवलेल्या मुलाला ऐनवेळी 'नको' म्हणता येत नाही. निळा शर्ट नको म्हणाला तर खरंच बाजूला ठेवा. पापा नको म्हणाला तर आजीनेही थांबायचं.

अत्याचाराची शंका आली तर घड्याळ बघा. एचआयव्ही टाळण्याचं औषध, पीईपी, ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. ते २८ दिवस घ्यायचं असतं. आमच्या भागातल्या एका रुग्णालयाने एका मुलीच्या आईला 'आधी एफआयआर आणा' म्हणून रात्रभर बसवून ठेवलं. याची चीड अजून जात नाही, कारण पॉक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) २०२० च्या नियमांनुसार तातडीच्या उपचारासाठी कुठलाही कागद आधी मागता येत नाही. पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहेच, पण त्यासाठी औषध अडवून ठेवायचं नाही. रात्री-अपरात्री पीईपी कुठल्या विभागात मिळतं, हे जवळच्या सरकारी रुग्णालयात आत्ताच विचारून ठेवा. एचआयव्हीच्या शंकांसाठी १०९७, मुलांच्या मदतीसाठी १०९८. दोन्ही नंबर फ्रिजवर लावा.