‘मुलं पळवणारी टोळी आली आहे म्हणतात, नातवाला खाली खेळायला पाठवू का?’

प्रश्न : मॅडम, आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत व्हॉट्सॲपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज सारखे फिरतात. परवा कुणीतरी अपहरणाचे गुन्हे वाढल्याचं पेपरातलं कात्रणही टाकलं. सुनेने ९ वर्षांच्या नातवाचं खाली खेळणंच बंद केलंय. म्हणते, तुमच्या काळी असं नव्हतं. खरंच एवढी मुलं पळवतात का?

उत्तर : ताई, पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार म्हणून मी तक्रारी नोंदवायच्या टेबलावर बसले आहे, अपहरणाचा हा आकडा कसा तयार होतो ते सांगते. बेपत्ता मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवाच, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. तेव्हापासून आपल्याकडे १८ वर्षांखालचं मूल घरातून गेलं की अज्ञाताविरुद्ध अपहरणाचं कलम ३६३ लागायचं. आता भारतीय न्याय संहितेचं १३७(२). निकालाच्या धास्तीने गाडीत बसलेला दहावीचा मुलगा, प्रेमात पडून निघून गेलेली १७ वर्षांची पोरगी, बाप ओरडला म्हणून मावशीकडे जाऊन बसलेला पोरगा, सगळ्यांच्या एफआयआरवर अपहरणच. मूल रात्री घरी आलं तरी गुन्हा वर्षाच्या बेरजेत राहतो. नियम चांगलाच आहे. पूर्वी ‘मिसिंग’ला नोंद करून ‘येईल दोन दिवसांत’ म्हणत आईबापांना परत धाडायचे, ते थांबलं.

‘तुमच्या काळी’चं म्हणाल तर मी खुनाचा आकडा बघते, कारण प्रेत सहसा लपत नाही. १९९२ मध्ये देशात ४०,१०५ खून नोंदले गेले, २०२२ मध्ये २८,५२२. मधल्या काळात लोकसंख्या कितीतरी वाढली.

भीतीने मात्र माणसं मेली आहेत. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्या वर्षी देशभर फिरलेला, मोटारसायकलवरून पोर उचलून नेतानाचा व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा होता. मुलाला परत आणून सोडतात तो शेवटच कापलेला. तेव्हा ग्रुपवर ‘खबरदारी म्हणून टाकलं’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो.

सुनबाईंची काळजी खोटी नाही, पण ती भलत्या माणसावर रोखलेली आहे. लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या ज्या फिर्यादी मी लिहून घेतल्या, त्यांत आरोपी बहुतेक वेळा घरच्यांच्या ओळखीचा निघायचा. त्यामुळे नातवाला हे शिकवा, की अंगाला हात लावून ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणणारा काका-मामा असला तरी त्याच दिवशी आईला सांगायचं. तुम्हाला बोलायला अवघड वाटलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर विचारा. आईचा मोबाइल नंबर त्याच्याकडून पाठ करून घ्या आणि त्याला खाली खेळायला पाठवा. टोळीचा मेसेज आला तर पुढे पाठवू नका, जवळच्या ठाण्यात विचारा. वॉचमनलाही सांगून ठेवा : कुणी फेरीवाल्याला किंवा भिक्षेकऱ्याला घेरलं, तर गर्दी जमायच्या आत ११२ ला फोन करायचा.