ग्राइंडर राहू दे, आधी पाणी बघा

दादा, तुम्ही लिहिलंय: घरच्या एस्प्रेसो मशीनवर १८ ग्रॅम पावडर, ३६ ग्रॅम कॉफी, २८ सेकंद, चिकमंगळूरचा लाइट रोस्ट (हलके भाजलेले बीन्स), टाकीत आरओचं पाणी, आणि तरी शॉट, म्हणजे कपात पडणारी एस्प्रेसो, कैरी चावल्यागत आंबट. वर सर्व्हिसवाले म्हणतात, मशीन ठीक आहे. तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. कोल्हापुरात बसून हे सगळं मी भोगलंय.

बारीक दळा, मशीन नीट तापू द्या, हे पोस्टखाली बाकीच्यांनी सांगून झालंय, तेच परत दळत बसत नाही. फक्त बारीक करण्यालाही हद्द असते. फार बारीक झालं की पाणी सगळ्या पावडरीतून सारखं जात नाही, वाट मिळेल तिथून पळतं. मग एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही. २०२० साली 'मॅटर' या नियतकालिकात रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला होता, त्यातही फार बारीक दळण उलटं पडतं असंच निघालं. म्हणून लाइट रोस्टला मी आधी कॉफी जास्त काढतो. १८ ग्रॅम पावडरीला ४५ ग्रॅम, वाटलं तर ५०. तापमान बदलता येत असेल तर ९४-९५ अंश सेल्सिअस. सेकंदांचं फार मनावर घेऊ नका, २५ ते ३० हा काही कायदा नाही.

आता मूळ दुखणं. आमच्या सर्व्हिस सेंटरचं (नाव घेत नाही) एकच पालुपद: आरओचंच पाणी घाला, नाहीतर वॉरंटी जाईल. आंबटपणाची तक्रार केली की "सर, बीन्स बदला". बीन्स बदलून झाले. शेवटी मशीन पुण्याला पाठवा म्हणाले. कुरिअर जायचं-यायचं माझ्या खिशातून, आणि परत आलं ते 'नो फॉल्ट फाउंड'ची चिठ्ठी चिकटवून. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ: शॉट पडतोय, पोरगा चमचाभर पिऊन "टेस्ट ओके" म्हणतोय. व्हिडिओच्या सुरुवातीला तोच पोरगा बेसिनच्या नळाखाली जग धरून मशीनची टाकी भरताना दिसतो! मला आरओची सक्ती आणि ह्यांची तपासणी नळाच्या पाण्यावर. फोन करून विचारलं तर "ते टेस्टिंगपुरतं असतं सर". लई डोकं फिरलं, पण धागा तिथंच सापडला: फरक पाण्याचा.

कॉफीत आम्लं असतातच, लाइट रोस्टमध्ये जास्त जाणवतात. साध्या पाण्यातलं बायकार्बोनेट त्यातली काही मारतं. आरओ ते जवळजवळ सगळं काढून टाकतं, मग आंबटपणा अंगावर येतो. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या जुन्या मापदंडात अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल मारायची ताकद) ४० पीपीएमच्या, म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅमच्या, आसपास धरलीय. पाणी तपासायचं टीडीएसचं पेन इथं कामाचं नाही, ते किती विरघळलंय ते दाखवतं, काय विरघळलंय ते नाही. माशांच्या दुकानात केएच (म्हणजे हीच अल्कलिनिटी) मोजायचं टेस्ट किट मिळतं, ते आणा. बहुतेक किटांत एक थेंब म्हणजे साधारण १८ पीपीएम, म्हणजे दोन-तीन थेंबांत रंग बदलला की झालं.

उपाय स्वस्त आहे. अर्धा लिटर आरओ पाण्यात ५ ग्रॅम खायचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) विरघळवून बाटली भरून ठेवा. त्यातलं ७ मिली, औषधाच्या सिरिंजनं मोजून, टाकीतल्या दर लिटरला. हिशेब ४० च्या जवळ येतो. खायचा सोडाच, बेकिंग पावडर नव्हे आणि धुण्याचा सोडा तर अजिबात नव्हे. हात सैल सोडू नका, जास्त झाला की कॉफी मेल्यासारखी लागते. डार्क रोस्ट पिणाऱ्यांनी या भानगडीत पडूच नये.

नळाचं पाणी थेट चालेल का? आमच्याकडे नळाला आज काळम्मावाडी धरणाचं की पंचगंगा नदीचं यावरच चर्चा संपत नाही, त्यामुळे किटनं तपासून मगच. बोअरचं नको, हीटरवर क्षार चढतात.

मी काही केमिस्ट नाही, एका घरगुती मशीनवरचा अनुभव सांगतोय. तुमच्या मशीनचं तापमानच कमी असेल तर सोड्यानं ते भरून निघणार नाही. थर्मामीटर लावणार असाल तर आधी उकळत्या पाण्यात धरून बघा. आपल्या कोल्हापूरच्या उंचीवर ९८ च्या आसपास दाखवायला हवा, १०० दाखवला तर थर्मामीटरच थापा मारतोय. आणि रोस्टची तारीख लिहिली नाहीत. भाजून चार दिवस झालेले बीन्स असतील तर आठवडाभर थांबा, मगच हे सगळं करा. दुधातच पिणार असाल तर यातलं काहीच नको, आमच्या कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं म्हशीचं दूध घाला, आंबटपणा कुठल्या कुठं जातो.

वॉरंटीचं म्हणाल तर सोड्यात कॅल्शियम नाही, त्यामुळे आरओ पाण्यात घातल्यानं क्षार चढायचा प्रश्न नाही. माझ्या मॅन्युअलमध्ये फक्त "कठीण पाणी टाळा" एवढंच होतं, आरओची सक्ती कुठंच नव्हती. तुम्हीही त्यांच्याकडे ते लेखी मागा. मला अजून दिलेलं नाही.