वाचकांचे प्रश्न : तीन पिढ्या ख्रिस्ती, तरीही ‘मी ख्रिस्ती झालो’

प्रश्न : आमच्या शेजारचे कुटुंब तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. तरीही त्या घरातले काका बोलण्याच्या ओघात ‘मी कॉलेजात असताना ख्रिस्ती झालो’ असे सांगतात, आणि त्यांच्या मुलाचा बाप्तिस्मा तो सज्ञान झाल्यावर, अलीकडेच झाला. त्यांच्या प्रार्थनागृहात एकही मूर्ती नाही. आपली मंडळी (चर्च) ‘इव्हँजेलिकल’ आहे, असे ते म्हणतात. या लोकांची मूळ श्रद्धा कोणती आणि ती इतर ख्रिस्ती लोकांहून कोठे वेगळी आहे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : काकांच्या त्या एका वाक्यात आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आलेले आहे. इव्हँजेलिकल ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने श्रद्धा ही घरजमिनीप्रमाणे वारसाहक्काने मिळत नाही. आईवडील कितीही भाविक असले तरी प्रत्येकाने आपले पाप ओळखून, पश्चात्ताप करून, ख्रिस्तावर स्वतः विश्वास ठेवावा लागतो. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा परूशी (कर्मठ ज्यू पंथातला माणूस) रात्री येशूकडे येतो, तेव्हा नव्याने जन्म घेतल्याशिवाय देवाचे राज्य दिसणार नाही, असे येशू त्याला सांगतो. निकदेम हा धर्मनिष्ठ आणि शास्त्र शिकवणारा माणूस होता, आणि तरीही हे त्यालाच सांगावे लागले, याकडे या परंपरेतील उपदेशक आवर्जून लक्ष वेधतात.

मराठी वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. परंतु पुढे १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले. काका सांगतात ती गोष्ट नेमकी याच जातीची आहे. या मंडळ्यांमध्ये तिला ‘साक्ष’ म्हणतात, आणि उपासनेत, लग्नसमारंभात, कधीकधी अंत्यविधीच्या वेळीसुद्धा ती दिली जाते.

इव्हँजेलिकल हा कॅथलिकांसारखा एका प्रमुखाखाली चालणारा संप्रदाय नाही. बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट, ब्रेदरन, पेंटेकॉस्टल, नागपूर येथे १९७० साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामधील अनेक सभासद आणि कोणत्याच मोठ्या संघटनेत नसलेल्या असंख्य स्वतंत्र मंडळ्या या सर्वांमध्ये या विचाराचे लोक आहेत. भारतात त्यांना एकत्र आणणारी इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया ही संस्था १९५१ पासून काम करते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रैक्य देव, येशूचे देवत्व व मनुष्यत्व, वधस्तंभावरील मरण, पुनरुत्थान आणि पुनरागमन ही त्यांची मूळ श्रद्धा कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांची आहे तीच आहे. फरक पडतो तो भर कशावर द्यायचा, यात. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ साली या प्रवाहाच्या चार खुणा सांगितल्या, त्या आजही प्रमाण मानल्या जातात : पवित्र शास्त्राचा (बायबलचा) सर्वोच्च अधिकार, वधस्तंभावरील मरणाचे केंद्रस्थान, जीवनपालट आणि विश्वास कृतीत उतरवण्याची धडपड.

यांतील शास्त्राच्या अधिकाराविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मराठी भाषेच्या इतिहासाशी त्याचा थेट संबंध आहे. श्रद्धा आणि आचरण यांबाबत अंतिम शब्द बायबलचा, मंडळीच्या परंपरेचा किंवा धर्मगुरूचा नव्हे, असे एकदा मानले की ते प्रत्येकाला स्वतःच्या भाषेत वाचता आलेच पाहिजे, हे ओघाने येते. म्हणूनच बंगालमधील श्रीरामपूरच्या (सेरामपूरच्या) बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी १८११ साली मराठी नवा करार छापला आणि १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी भाषांतराइतकेच शाळांकडे व छापखान्याकडे लक्ष दिले. रमाबाईंनी तर हिब्रू व ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायकांनाही समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. १९२२ साली त्यांचे निधन झाल्यानंतर पुण्याजवळ केडगाव येथील त्यांच्याच मुक्ती मिशनमध्ये त्याची छपाई पूर्ण झाली. इव्हँजेलिकल लोक वापरतात त्या प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके असतात, कॅथलिक बायबलात ७३.

मूर्ती नसणे आणि उपासनेत उपदेशाला सर्वाधिक वेळ असणे, हेही याच भूमिकेतून येते. बाप्तिस्म्याबाबत मात्र या लोकांत आपापसांत एकमत नाही. विश्वास स्वतःचा असावा लागतो, तर तो कबूल करण्याइतके वय झाल्यावरच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यावा, असे बॅप्टिस्ट व ब्रेदरन मानतात. अँग्लिकन व मेथॉडिस्ट परंपरेतील इव्हँजेलिकल बालकांना बाप्तिस्मा देतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने दोन्ही पद्धती मान्य केल्या आहेत. शेजाऱ्यांचा मुलगा पहिल्या प्रकारच्या मंडळीतला असावा.

प्रश्न : मी वसईची कॅथलिक आहे. ‘तारण (पापातून सुटका) केवळ विश्वासाने’ असे इव्हँजेलिकल लोक सांगतात. नुसता विश्वास ठेवला की झाले, मग सत्कर्मांना काही किंमतच नाही का? (एक वाचिका, वसई)

उत्तर : हा आक्षेप जुना आहे, आणि काही उपदेशक तारणाचा विषय इतका स्वस्त करून मांडतात की तो पुन्हापुन्हा घेतला जाणे स्वाभाविक आहे. मूळ शिकवण अशी : तारण ही देवाची कृपा आहे, कर्मे करून ती मिळवता येत नाही, हे प्रेषित पौलाने बायबलमधील इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे, पण त्याच परिच्छेदाच्या शेवटी, आपण सत्कर्मांसाठीच निर्माण झालो आहोत, असेही म्हटले आहे. सत्कर्म तारणाचे कारण नाही, परिणाम आहे. कॅथलिक चर्च आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशन (प्रोटेस्टंटांपैकी लुथरन मंडळ्यांची जागतिक संघटना) यांनी १९९९ साली ऑग्सबर्ग येथे या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, तेव्हा कृपेच्या मूलभूत मुद्द्यावर दोघांचे एकमत असल्याचे त्यांनी मान्य केले. सगळे मतभेद त्याने मिटले नाहीत, तरी व्यासपीठावरून सांगितले जाते तेवढे अंतर आज उरलेले नाही.

आचरणाच्या बाबतीत या मंडळ्या बऱ्याच कडक असतात. दारूबंदी, उत्पन्नाचा दशांश देणे, विवाहाची निष्ठा, रोजचे शास्त्रवाचन व प्रार्थना यांची अपेक्षा सभासदांकडून केली जाते. ब्रिटनमधील गुलामांचा व्यापार १८०७ साली कायद्याने बंद झाला, त्यामागे विल्यम विल्बरफोर्स आणि त्यांच्या इव्हँजेलिकल सहकाऱ्यांची अनेक वर्षांची खटपट होती; १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व विधवा केडगावला आणल्या, तेही याच श्रद्धेपोटी. विश्वास ठेवला की पैसा आणि आरोग्य मिळणारच, असे सांगणारे प्रचारक मात्र या परंपरेचे प्रतिनिधी समजू नयेत. त्यांच्यावर सर्वांत कठोर टीका इव्हँजेलिकल विचारवंतांनीच केली आहे.

प्रश्न : सुवार्ता (येशूविषयीचा शुभसंदेश) सांगणे म्हणजे शेवटी धर्मांतर घडवणेच ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दुसऱ्याने ख्रिस्तावर विश्वास ठेवावा अशी इव्हँजेलिकल लोकांची इच्छा असते, हे ते स्वतःही लपवत नाहीत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशूने दिलेली, सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याची आज्ञा ते सर्व ख्रिस्ती लोकांसाठी बंधनकारक मानतात. भारतीय राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे; त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. आमिषाचा किंवा दबावाचा आरोप प्रत्येक प्रकरणी पुराव्यानेच तपासावा लागेल. परंतु त्यांच्याच शिकवणुकीच्या कसोटीवर पाहिले, तर विश्वास माणसाने स्वतः, मनापासून ठेवायचा असतो, आणि त्यामुळे आमिषाने झालेल्या बाप्तिस्म्याला त्यांच्या लेखी काही अर्थ उरत नाही. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १९७४ साली दीडशेहून अधिक देशांतील इव्हँजेलिकल प्रतिनिधी जमले होते. तेथे ब्रिटिश अँग्लिकन धर्मगुरू जॉन स्टॉट यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या करारनाम्यात, श्रोत्यांवर दबाव आणणारी तंत्रे आपण कधीकधी वापरली आणि आकडेवारीच्या मागे लागून तिच्याबाबत अप्रामाणिकही झालो, अशी कबुली त्यांनी स्वतःच देऊन ठेवली आहे.